आधी सावली द्या, मग बायोगॅस

भाजीबाजारातल्या कचऱ्याचा विषय निघाला की कोणीतरी हैदराबादच्या बोवेनपल्ली मंडईचं उदाहरण देतंच. तिथे रोजच्या दहाएक टन कचऱ्यातून साधारण ५०० युनिट वीज आणि ३० किलो जैवइंधन निघतं, जानेवारी २०२१ च्या 'मन की बात'मध्ये पण आलं होतं. बायोगॅसचा हा प्लांट भारीच आहे, वाद नाही. पण भाजी टाकीत गेली म्हणजे ती पिकवणाऱ्याचे पैसे आधीच बुडालेले असतात ना राव.

आपले आठवडी बाजार बघा. पहाटे आणलेली मेथी-कोथिंबीर दुपारी दोनपर्यंत उन्हात, वर एक फाटकी ताडपत्री, ती पण ज्याला परवडते त्यालाच. भाजीने मान टाकली की मावशी पाणी मारतात, मारणारच, सुकलेल्या जुडीला गिऱ्हाईक हात लावत नाही. पण ओल्या जुड्या एकावर एक रचल्या की आतून गरम होतात, वरून हिरवीगार दिसते आणि ढिगात हात घातला की मधली जुडी चिकट लागते. पुण्याच्या मंडईला १८८६ साली छप्पर मिळालं, आमच्या बाजारतळावर अजून साधी शेड नाही!

आणि आपण गिऱ्हाईक लोक काही कमी नाही. भेंडीचं टोक मोडून बघायचं, दुधीला नख लावायचं, टोमॅटो दाबायचा आणि घ्यायचा मात्र दुसराच. संध्याकाळी त्या टोकं मोडलेल्या भेंड्या काळ्या पडून वेगळ्या निघतात, दहा रुपयाला वाटा लावला तरी कोणी उचलत नाही. लुधियानाच्या सिफेटने, म्हणजे काढणीनंतरच्या तंत्रज्ञानावर काम करणाऱ्या केंद्रीय संस्थेने, २०१५ मध्ये काढणीपासून विक्रीपर्यंतच्या नुकसानीचे आकडे काढले होते, टोमॅटो १२ टक्क्यांच्या वर, पेरू जवळपास १६. आता यात वाटेतले गचके, दाबून भरलेल्या गोण्या सगळंच आलं, पण बाजारातला वाटा पण आहेच की.

उपाय काही रॉकेट सायन्स नाही. शेडनेट, बसायला ओटे, गोण्यांऐवजी कॅरेट. दिल्लीच्या पुसा कृषी संशोधन संस्थेने तर बिनविजेचा शीतकक्ष कधीचाच काढलाय, विटांच्या दोन भिंती, मधे साडेसात सेंटिमीटर वाळू, वाळूवर पाणी मारत राहायचं. उन्हाळ्यात आत बाहेरच्यापेक्षा १०-१५ डिग्री कमी राहतं. मराठवाडा, विदर्भाच्या कोरड्या हवेत मस्त चालेल, कोकणात दमट हवेत तेवढा उपयोग नाही. उरलेला माल परत न्यायला भाडं परवडत नाही म्हणून लोक तिथेच टाकून जातात, तो दुसऱ्या दिवशीच्या बाजारापर्यंत ठेवायची सोय झाली तर कोण टाकेल?

मग उरतो खरा कचरा, म्हणजे फ्लॉवर-कोबीचा पाला. तो गुरांना चालतो, गवळी आनंदाने नेतील, पण त्यात कॅरीबॅग, रबर, चहाचे कप सगळं मिसळलेलं असतं आणि मोकाट गाई तेच खातात.

आता पैसे कुठून आणायचे म्हणाल तर बाजाराच्या पावत्या फाडायचा ठेका दरवर्षी लिलावाने जातोच ना? जागेचे पैसे घेता मग त्याच ठेक्यात शेडनेट लावायची आणि पाल्याचा ढीग वेगळा ठेवायची अट टाका. आमच्याकडचा पुढचा लिलाव मार्चच्या आधी निघेल, तेव्हा मी लेखी अर्ज देणार आहे, सही करायला कोण येतंय ते कमेंटमध्ये सांगा.