पाटी बदलली म्हणून फाइल बदलत नाही

‘जुन्या फायली उघडत नसतील तर एक्स्टेंशन बदलून बघा. तरी नाही उघडल्या तर नाद सोडा, त्या फॉरमॅटची माहिती आता कुठेच मिळत नाही. ज्या उघडतील त्यांचं पीडीएफ करा आणि मूळ फायली उडवा.’ हा मेसेज आठवड्याभरात तीन ग्रुपवर आला. त्यातला एक चक्क डीटीपीवाल्यांचा!

एक्स्टेंशन, म्हणजे फाइलच्या नावात टिंबानंतर येणारी अक्षरं, ही दारावरची पाटी. ती बदलून आतलं बिऱ्हाड बदलत नाही. फाइल ओळखायची ती सुरुवातीच्या बाइटांवरून. परवा अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका छापखान्यातून जुन्या दिवाळी अंकाची सीडी आली. एका फाइलला एक्स्टेंशनच नव्हतं. हेक्स एडिटरमध्ये (फाइलचे कच्चे बाइट दाखवणारा प्रोग्राम) पहिले चार बाइट दिसले: डी० सीएफ ११ ई०. (रोमन लिपीत वाचा, D0CF11E0, ‘डॉकफाइल’ लिहिल्यासारखं दिसतं, करणाऱ्यांनी मुद्दाम केलेली गंमत.) पण एवढ्यावर भागत नाही. वर्ड ९७, एक्सेल ९७, पानं जुळवायचा पेजमेकर ६.५ या सगळ्यांची सुरुवात हीच; या फायली म्हणजे आत नावांचे कप्पे असलेल्या पेट्या. आतल्या कप्प्याचं नाव पाहिलं तेव्हा पेजमेकर निघालं.

आणि ‘माहिती कुठेच नाही’ ही तर निव्वळ थाप. ब्रिटनच्या नॅशनल आर्काइव्हजची ‘प्रोनोम’ ही फॉरमॅटांची नोंदवही इंटरनेटवर सगळ्यांना खुली आहे. तिथे प्रत्येक फॉरमॅटला क्रमांक असतो. वर्ड ९७-२००३ चा एफएमटी/४०. त्यांचाच ‘ड्रॉइड’ हा फुकट प्रोग्राम अख्खं फोल्डर तपासतो, कप्प्यांच्या आतही डोकावतो. कुठला फॉरमॅट किती टिकाऊ, याची टिपणं अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे आहेत. पेजमेकरच्या बऱ्याच फायली तर लिबरऑफिस हे फुकट ऑफिस सॉफ्टवेअरसुद्धा उघडतं.

पीडीएफ जरूर करा, फाँट एम्बेड करून, म्हणजे पीडीएफच्या आतच घालून. मूळ फाइल उडवायचा सल्ला मात्र मराठीत फार महागात पडतो. युनिकोडआधीच्या (प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी पद्धत म्हणजे युनिकोड) श्रीलिपी, आकृती वगैरे फाँटांत मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेली असत. पीडीएफ दिसायला झकास दिसतं, पण मजकूर कॉपी करा, हाती निव्वळ कचरा लागतो. शोधायला गेलं तर एक शब्द सापडत नाही. युनिकोडमध्ये आणायचं तर मजकूर कुठल्या फाँटात होता हे कळायला हवं, आणि ते मूळ फाइलच नीट सांगते. म्हणून फाइलीच्या शेजारी फाँटही जपायचा.

माझ्या सीडीत फाँटाचं नाव सापडलं, फाँट नाही. छापखान्याच्या माळ्यावर तेव्हाचा पीसी अजून आहे म्हणे. रविवारी शिडी घेऊन जातोय.