पास व्हायची गॅरंटी नको, मला विमान कळायला हवंय!

डोकं सटकलंय आज म्हणून लिहितेय. पायलटच्या ग्राउंड स्कूलसाठी, म्हणजे थिअरीच्या अभ्यासासाठी, ऑनलाइन कोर्स निवडणं म्हणजे काय डोक्याला ताप आहे हे ज्याने निवडलाय त्यालाच माहिती. तीन आठवडे रात्री जागून मी वेबसाइटी धुंडाळल्या आणि सगळीकडे तेच, अगदी तेच, पास व्हायची गॅरंटी, लाइफटाइम अ‍ॅक्सेस, हजारो प्रश्नांची क्वेश्चन बँक, आणि वर ते उलटं चालणारं घड्याळ की ऑफर संपायला फक्त दोन तास उरलेत, दुसऱ्या दिवशी उघडलं की परत दोनच तास. अरे काय चाललंय काय? ज्या कामात एक चूक जिवावर बेतते ते शिकवायला बसलात आणि सेल लावता?

बरं शिकवणार काय, ते कुठेच धड लिहिलेलं नाही. मेट (हवामान), नॅव्हिगेशन, रेग्युलेशन्स, एवढी नुसती नावं. मेटमध्ये मेटार, म्हणजे विमानतळाचा सांकेतिक हवामान अहवाल, वाचायला शिकवणार की फक्त ढगांची चित्रं दाखवणार? नॅव्हिगेशनमध्ये हातात चार्ट आणि प्लॉटर घेऊन रूट काढायला लावणार का? रेग्युलेशन्स शेवटची अपडेट कधी केली? एकाही पानावर उत्तर नाही. सॅम्पल लेक्चर म्हणून जे फुकट दाखवतात त्यात सर स्वतःच्या युनिफॉर्ममध्ये उभे राहून स्वप्नांबद्दल बोलतात. मला स्वप्न आहेच हो, म्हणून तर आले, मला प्रेशर अल्टिट्यूड समजावून सांगा!

शेवटी सगळ्यात जास्त प्रश्न असलेला कोर्स घेतला, कारण बाकी तुलना करायला होतंच काय. दोन महिने क्वेश्चन बँक घासली. मॉक टेस्टला ९२ टक्के. आणि मग एका रणरणत्या दुपारी इन्स्ट्रक्टर सरांनी विमानाशेजारी उभं राहून विचारलं, आज टेकऑफला रनवे किती लागेल, सांग बरं. मी गप्प. डेन्सिटी अल्टिट्यूडवरचे (हवेच्या विरळपणामुळे विमानाला जाणवणारी उंची) चाळीस प्रश्न मी बरोबर सोडवले होते, पर्याय तोंडपाठ होते, पण त्या आकड्याचं समोरच्या विमानाशी काय नातं आहे हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.

सरांनी तिथेच वहीवर करून दाखवलं. समुद्रसपाटीला स्टँडर्ड तापमान १५ डिग्री, दर हजार फुटाला साधारण २ डिग्री कमी, म्हणजे २,००० फुटांवरच्या एअरफील्डला ११ असायला हवं, आणि आज आहे ३५. फरक २४. एका डिग्रीला साधारण १२० फूट धर, झाले २,८८०. प्रेशर स्टँडर्ड असलं तरी विमानाला वाटतंय की ते जवळपास ४,९०० फुटांवर उभं आहे. हवा विरळ, इंजिनची ताकद कमी, प्रोपेलरची पकड कमी, विंगला तेवढीच लिफ्ट (वर उचलणारं बल) मिळायला जास्त वेगाने पळावं लागणार, म्हणजे रनवे जास्त खाणार आणि वर गेल्यावर क्लाइंबही रडतखडत. आता मॅन्युअल उघड आणि चार्टवरून अंतर काढ. पाच मिनिटं लागली ओ, फक्त पाच मिनिटं! हे त्या कोर्सच्या साठ तासांत कुठेही नव्हतं. तिथे काय होतं, तर ‘प्रश्नात तापमान जास्त दिसलं की मोठा आकडा निवडा’.

आणि चुकीचं शिकवतात त्याचं काय करायचं? लिफ्टच्या व्हिडिओत अजूनही सांगतात की विंगच्या वरून जाणाऱ्या हवेला लांबचा रस्ता असतो आणि खालच्या हवेला मागच्या टोकाला एकाच वेळी गाठायचं असतं म्हणून वरची जोरात पळते. अहो गाठायचं-बिटायचं काही नसतं, वरची हवा तर खालच्या हवेच्या आधी पोचते. हे एवढं जुनं खोडून काढलेलं आहे तरी तोच व्हिडिओ चालूच. खाली कोणीतरी शंका विचारलेली, तिला उत्तर नाही.

स्टॉलचंही तसंच, म्हणजे विंगची लिफ्ट अचानक ढासळते ते. स्टॉल स्पीड ५० नॉट, पाठ करा, पुढे चला. अरे पण उंची न सोडता ६० डिग्री बँकमध्ये (विमान तेवढं कलवून) टर्न घेतला तर लोड २ जी, म्हणजे वजनाच्या दुप्पट, होतो आणि तोच ५० चा आकडा ७१ च्या आसपास जातो, स्टॉल वेगामुळे नाही तर अँगल ऑफ अटॅकमुळे (विंग समोरच्या हवेला ज्या कोनात भिडते तो) होतो, हे ज्याला कळलं नाही तो लँडिंगच्या शेवटच्या वळणावर विमान ओढून वळवायला जाणार आणि तिथे सावरायला उंचीच नसते. अल्टिमीटरचं, म्हणजे हवेच्या दाबावरून उंची दाखवणाऱ्या यंत्राचं, सेटिंग बदलायचं विसरून जास्त प्रेशरकडून कमी प्रेशरकडे गेलात तर दाबातल्या दर १० हेक्टोपास्कलच्या फरकाला जवळपास ३०० फुटांची चूक, आणि तेही सुई दाखवते त्यापेक्षा तुम्ही खाली असता. डोंगराळ भागात ३०० फूट! आणि हे सगळं कोर्समध्ये ‘परीक्षेत कमी येणारे टॉपिक’ या यादीत टाकलेलं, वगळलं तरी चालेल म्हणे.

मला परीक्षा पास व्हायचीच आहे, कोणाला नको असते. क्वेश्चन बँकही हवी, सराव लागतोच. पण ती शिकून झाल्यावर हो, शिकण्याऐवजी नाही. परीक्षा घेणाऱ्याने पर्याय दिलेले असतात, वर आकाशात कार्ब्युरेटरमध्ये (इंजिनात हवा आणि इंधन मिसळणारा भाग) बर्फ धरायला लागला आणि आरपीएम हळूहळू उतरायला लागले की ए बी सी डी कोण देणार? तेही बाहेर मस्त २० डिग्री असताना होऊ शकतं, आणि बाहेर बर्फ नाही म्हणून ज्याच्या डोक्यातच येणार नाही तो कार्ब हीट, म्हणजे तिथे गरम हवा सोडणारा नॉब, ओढणारच नाही.

काल रिफंड मागितला. सपोर्टवाल्यांचं उत्तर आलं, मॅडम तुम्ही ३० टक्क्यांपेक्षा जास्त व्हिडिओ बघितलेत त्यामुळे पैसे परत मिळणार नाहीत. अहो बघितल्याशिवाय कळणार कसं की तुम्ही काहीच शिकवत नाही!