गुन्हा न करता आत जाण्याची सोपी पद्धत

गेला सव्वा महिना माझा मुक्काम तालुक्याचं कोर्ट, तहसील कचेरी आणि या दोघांच्या मधलं झेरॉक्सचं दुकान, एवढ्या त्रिकोणात आहे. घरचे म्हणतात, आता अंथरूणही तिकडेच टाका. इतकी विद्या गाठीशी बांधल्यावर ती चार लोकांना वाटली नाही तर पाप लागायचं. तेव्हा काहीही न करता तुरुंगात कसं जावं आणि गेल्यावर तिथे जास्तीत जास्त दिवस कसं राहावं, याचं हे मोफत मार्गदर्शन.

सुरुवात जन्मापासून करावी लागेल, त्याला इलाज नाही. बागायतदाराच्या किंवा वकिलाच्या घरी जन्मलात तर पुढचं सगळं फार कष्टाचं होऊन बसतं. खरोखर गुन्हा करावा लागतो, तोही मोठा, आणि एवढं करूनही ऐन अटकेच्या वेळी छातीत कळ येऊन एसी वॉर्डात पडायची भीती असतेच. त्यापेक्षा पारध्याच्या पालात जन्म घ्या. कैकाडी, बेरड, टकारी, कंजारभाट यांच्यापैकी कोणीही चालेल. तुमची निम्मी कामं इंग्रज करून गेलेत. १८७१ साली त्यांनी कायदाच केला की अमुक जमाती जन्मानेच गुन्हेगार. १९११ साली त्याचा पसारा देशभर वाढवला. नाव नोंदवा, रोज हजेरी द्या, गाव सोडायचं तर दाखला घ्या. सोलापुरात तारेच्या कुंपणात वसाहत केली. त्या भागाला लोक अजून सेटलमेंटच म्हणतात. ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा रद्द झाला आणि हे सगळे 'विमुक्त' झाले. घाबरू नका, पुरते मुक्त नाही झाले. सातच वर्षांत मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांचा कायदा आणला. आधी जमात गुन्हेगार होती, आता माणूस सराईत झाला. माणसं तीच.

आणि कायदा नसता तरी आपली मायबोली होतीच की. भामटा ही एका जमातीची ओळख, आपण ती फसवणाऱ्याला चिकटवली. बेरड ही जमात, आपण निगरगट्ट पोराला बेरड म्हणतो. मी स्वतः तीस वर्षं शाळेत पोरांना 'बेरडा, गृहपाठ कुठाय?' असं विचारत आलो. वर्गात बेरड समाजाची दोन पोरं बसलेली असायची. असो.

आता व्यवसाय. राखणदारी पकडा, त्याइतकं खात्रीचं दुसरं काही नाही. पारध्याचा मूळ धंदा फासे लावून शिकार करण्याचा. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा झाला. मग लोकांच्या पिकांची राखण करायची. गावाचा तुमच्यावर विश्वास बसतो आणि चोरी झाली की पहिलं नावही तुमचंच आठवतं.

माझ्या साडेतीन एकरांची राखण बेड्यावरचं, म्हणजे पारध्यांच्या वस्तीवरचं, एक पोरगं करतं. बावीस वर्षांचं आहे. तीन किलोमीटरवरच्या एका विहिरीवरून मोटर आणि केबल गेली. ज्या रात्री गेली त्या रात्री आमच्या फिडरला विजेची रात्रपाळी होती. (रात्रपाळी म्हणजे काय हे शेतकऱ्याला सांगायला नको, आणि इतरांना सांगून उपयोग नाही.) रात्रभर ते पोरगं आणि मी उसाला पाणी देत होतो. दीड वाजता डीपीचा फ्यूज उडाला तेव्हा वायरमनच्या दारावर थापा मारायला तेच गेलं होतं. वायरमनने त्याला दिलेल्या शिव्या अर्ध्या आळीने ऐकल्यात. यापेक्षा भक्कम साक्ष कुणाला मिळते?

सकाळी गाडी आली आणि बेड्यावरून तिघांना घेऊन गेली. मी ठाण्यात गेलो. म्हटलं, ते रात्रभर माझ्याबरोबर होतं, माझा जबाब घ्या. हवालदार उठून उभे राहिले, चहा मागवला. म्हणाले, "गुरुजी, तुम्ही देवमाणूस. ही जात तुम्हाला माहीत नाही." जबाबाचं काय? "घेऊ की, साहेब येऊ द्या." साहेब बंदोबस्ताला होते. आजतागायत बंदोबस्तालाच आहेत.

चौथ्या दिवशी पेपरात फोटो: 'मोटरचोरांची टोळी जेरबंद'. कर्मचारी मागे ओळीत उभे, ही तिघं पुढे उकिडवी, तोंडाला फडकी. जेरबंद टोळीकडून मोटर मात्र सापडली नव्हती. अजूनही नाही. पण जाता जाता मागच्या वर्षीचे दोन गुन्हेही 'उघडकीस' आले, म्हणजे याच तिघांच्या नावावर चढले.

काही किरकोळ सूचना इथेच उरकतो.

नवा शर्ट घालू नका.

मोबाईल घेतलात तर पावती कायम खिशात ठेवा. पावतीसकट चोरला असं म्हणता येतं.

गाडी दिसली की पळू नका, पळालात तर गुन्हेगार. पळाला नाहीत तर निर्ढावलेले.

एका गुन्ह्यावर कधीही समाधान मानू नका. हे महत्त्वाचं. १ जुलै २०२४ पासून नवी नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्या कलम ४७९ मध्ये एक गडबड आहे. याआधी कधीही दोषी न ठरलेला कच्चा कैदी (म्हणजे ज्याच्या खटल्याचा निकाल अजून लागलेला नाही असा) कमाल शिक्षेच्या तिसऱ्या हिश्श्याइतका काळ आत राहिला असेल तर त्याला सोडा, असं म्हटलंय. त्याआधी २००६ पासून हा हिस्सा निम्मा होता. यात तुम्ही बाहेर पडायचा धोका आहे. पण पुढचं पोटकलम तुम्हाला सांभाळून घेतं: एकापेक्षा जास्त प्रकरणं प्रलंबित असतील तर ही सवलत नाही. आता कळलं, जुने दोन गुन्हे का चढवतात ते? मी आयुष्यभर भूगोल शिकवला, पण कायद्याचं इतकं चोख वाचन मी ठाण्याबाहेर कुठे पाहिलं नाही.

आता मुख्य विषय, जामीन. जामीन मिळाला की बाहेर येतात असा बऱ्याच लोकांचा गैरसमज आहे. माझाही होता. नवव्या दिवशी हुकूम झाला, पंधरा हजारांचा एक जामीनदार आणि तेवढ्याच रकमेचा जातमुचलका, म्हणजे आरोपीची स्वतःची लेखी हमी. मी पेढे घ्यायला निघालो होतो. वकीलबाई म्हणाल्या, "गुरुजी, जरा थांबा."

जामीनदार ऐपतीचा हवा. बेड्यावरचा चालत नाही, त्याच्याकडे जमिनीचा ना सातबारा, ना आठ-अ. बेडाच गायरानात. मग मी उभा राहिलो. सातबारा मागितला. पंधरा रुपये भरून डिजिटल सहीचा काढला. कोर्टातल्या बाबूंनी उलटासुलटा केला, "सही कुठाय?" म्हटलं, डिजिटल आहे. "ते झालं हो, शिक्का?" गेलो तलाठ्याकडे. त्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं असतं. नाव बदललं, सापडायची सवय मात्र जुनीच. तिसऱ्या फेरीला शिक्का मिळाला. तर म्हणे सातबाऱ्यावर सोसायटीच्या कर्जाचा बोजा आहे, हा चालणार नाही! अरे, या महाराष्ट्रात बोजा नसलेला सातबारा दाखवा, मी त्याची मिरवणूक काढतो. मग तहसीलचा ऐपतीचा दाखला आणा. सर्व्हर डाऊन. सर्व्हर उठला तेव्हा क्लार्क रजेवर. आधारवर माझ्या वडिलांच्या नावापुढे 'राव' आहे, उताऱ्यावर नाही, म्हणून प्रतिज्ञापत्र. मग आरोपीच्या पत्त्याचा पुरावा. पालाला कसला आलाय घर नंबर? ग्रामसेवक म्हणाले, अतिक्रमणातल्या माणसाला रहिवासी दाखला दिला तर माझी नोकरी जाईल. म्हणजे पोलिसांच्या गाडीला पहाटे चार वाजता अंधारात बरोबर सापडतो तो पत्ता ग्रामपंचायतीला भरदुपारी सापडत नाही.

अकरा दिवस. ज्याला कोर्टाने सोडायला सांगितलं ते पोरगं हुकूम झाल्यावर अकरा दिवस आत. दहाव्या दिवशी आवारातला एक पांढऱ्या शर्टातला गृहस्थ जवळ आला. "गुरुजी, कशाला जीव काढता? तीन हजारांत जामीनदार देतो, सातबाऱ्यासकट." त्याच्या माणसाच्या सातबाऱ्यावर बोजा नव्हता, शिक्का होता, आणि अर्ध्या तासात दोन जण माझ्या डोळ्यांदेखत सुटले. पहिल्याच दिवशी असे पैसे देऊन हात जोडले असते तर त्या पोराचे दहा दिवस वाचले असते, हे मला रात्री झोपू देत नाही.

यातलं काहीही नवीन नाही, याचाच संताप येतो. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयात मध्य प्रदेशातल्या एका गवंड्याचं प्रकरण गेलं. खालच्या कोर्टाने दहा हजारांचा जामीन मागितला आणि त्याचा भाऊ जामीनदार म्हणून आला तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून नाकारला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी तो हुकूम पार धुऊन काढला आणि रक्कम हजारावर आणली. २०२३ च्या जानेवारीत त्याच न्यायालयाला पुन्हा सांगावं लागलं की स्थानिक जामीनदाराचा हट्ट धरू नका, सात दिवसांत कैदी सुटला नाही तर तुरुंग अधीक्षकाने मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाला कळवावं. मधे पंचेचाळीस वर्षं गेली. आमच्या बाबूंना मी हे सांगितलं. ते म्हणाले, "शिक्का आणा."

आणि जातमुचलका. माझी समजूत होती की यातली 'जात' म्हणजे स्वतः, 'जातीने हजर राहणे'मधली. बाकड्यावर बसून अकरा दिवस पाहिलं. कुणाला नुसत्या जातमुचलक्यावर सोडतात आणि कुणाला जामीनदार आणायला लावतात, ते बघून हा शब्दार्थ मला पुन्हा शिकावा लागला.

आत गेल्यावर एकटेपणा वाटणार नाही. २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजार माणसं होती आणि त्यातली ४ लाख ३४ हजार कच्ची कैदी, म्हणजे चारातल्या तिघांवर गुन्हा शाबित झालेलाच नाही. मुंबईचं आर्थर रोड हजारापेक्षा कमी जणांसाठी बांधलेलं, राहतात तीन हजारांच्या आसपास. अनुसूचित जाती लोकसंख्येत १६.६ टक्के, कैद्यांत पाचातला एक. मुसलमान १४.२ टक्के, तुरुंगात त्याहून जास्त. विमुक्तांचं प्रमाण मला सांगता येत नाही, कारण त्या तक्त्यात त्यांचा वेगळा रकानाच नाही. पकडताना मात्र रकाना बरोबर सापडतो.

धीर धरायची तयारी हवी. नाशिकच्या एका खटल्यातले सहा जण, भटक्या जमातींतले गरीब मजूर, २००३ साली पकडले गेले. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. त्यातला एक जण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता, हे नंतर निघालं. ५ मार्च २०१९ ला त्याच न्यायालयाने स्वतःचा निकाल फिरवून सहाही जणांना निर्दोष सोडलं, यांना खोटं गोवलं असं म्हटलं आणि प्रत्येकी पाच लाख द्यायला लावले. सोळा वर्षांचे पाच लाख. महिन्याचे अडीच हजार रुपये होतात. माझ्या राखणीच्या पोराला मी यापेक्षा जास्त देतो.

३ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांच्या नियमावल्यांमधली जातीवरची कामवाटणी घटनाबाह्य ठरवली, नोंदवहीतला जातीचा रकाना काढायला सांगितलं, विमुक्तांना मनमानी अटक होऊ देऊ नका असं पोलिसांना बजावलं. मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांनी ही लढाई लढली. निकालाची प्रत मी काढून घेतली आणि ठाण्यात नेली. हवालदारांनी पुन्हा चहा मागवला.

बास झालं मार्गदर्शन. हवालदारावर तरी किती चिडायचं? त्याला कुणी सांगितलं बेड्यावर जायला? आपण सांगितलं. मोटर गेली त्या सकाळी गावाच्या ग्रुपवर पहिला मेसेज होता, 'बेड्यावर बघा'. खाली अठ्ठावीस अंगठे. मी मोजलेत. त्यातले निम्मे माझे विद्यार्थी. माझा पुतण्या न्यू जर्सीत असतो. २०२० मध्ये जॉर्ज फ्लॉइड या काळ्या माणसाला तिथल्या पोलिसाने मारलं तेव्हा पुतण्याने आपला प्रोफाइल फोटो काळा केला होता. तिकडे काळे लोक शंभरात तेरा-चौदा आणि तुरुंगात तिसरा हिस्सा, हे त्यानेच मला फोनवर तळमळून सांगितलं होतं. परवा म्हणाला, "काका, त्या पारध्यांच्या नादी कशाला लागता?" तिकडचा अन्याय दिसायला चष्मा लागत नाही याला, आणि स्वतःच्या बांधावरचा दिसत नाही? ज्याच्या हातात रात्री आपलं उभं पीक सोपवून घोरत पडता, त्याच्याविरुद्ध सकाळी सह्या करता. लाज कशी वाटत नाही तुम्हाला? मला वाटली, पण तीस वर्षं उशिरा.

पोरगं सुटून आलं, तर तिसऱ्या दिवशी ग्रुपवर 'बेड्यावर बघा' लिहिणारा गृहस्थच दारात उभा. "गुरुजी, ते आलंय म्हणे. आमच्या विहिरीवर पण झोपायला पाठवा की, दिवस चोरीचे आहेत." मी त्याला आधी माझ्या वकीलबाईंचा नंबर दिला. मग फाटकाबाहेर काढला.

पुढची तारीख सतरा. सातबारा शिक्क्यासकट पिशवीत ठेवलाय.