‘बँकरप्सी केली की सगळं संपलं’ हे खरं नाही

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या लोकांमध्ये एक सल्ला हमखास दिला जातो: ‘पर्सनल बँकरप्सी (वैयक्तिक दिवाळखोरी) फाइल केली की घर जातं, नोकरी जाते, दहा वर्षं कोणी कर्ज देत नाही. त्यापेक्षा रिटायरमेंटचे पैसे काढा आणि देणी भागवा.’ यातला शेवटचा भाग सर्वांत घातक आहे, म्हणून आधी त्याबद्दल.

४०१(के), म्हणजे नोकरीतून मिळणाऱ्या रिटायरमेंट खात्यातल्या पैशाला बँकरप्सीतही कायद्याचं संरक्षण असतं. क्रेडिट कार्डाचं किंवा हॉस्पिटलचं बिल मात्र बँकरप्सीत सहसा माफ होऊ शकतं. म्हणजे हा सल्ला ऐकणारा माणूस, ज्याला कोणी हात लावू शकत नव्हतं तो म्हातारपणाचा पैसा मोडतो. साडेएकोणसाठ वर्षांच्या आत काढला तर आयकर आणि त्यावर बहुधा १० टक्के दंड. एवढं करून कर्ज उरलंच, तर अर्ज करायची वेळ येतेच. हे पाहून जीव तुटतो.

‘घर जातं.’ जाऊ शकतं, पण जातंच असं नाही. राज्याच्या किंवा केंद्राच्या कायद्यानुसार घर, गाडी, घरसामान ठरावीक रकमेपर्यंत वाचतं. ही रक्कम राज्यागणिक फार बदलते. चॅप्टर १३ मध्ये, म्हणजे हप्त्यांनी फेड करायच्या बँकरप्सीच्या प्रकारात, घर ठेवून थकलेले हप्ते ३ ते ५ वर्षांत फेडता येतात. अर्ज दाखल होताच वसुलीचे फोन, खटले आणि कर्जवसुलीसाठी पगारातून होणारी बहुतेक कपात थांबते. चॅप्टर ७ हा फेडीच्या हप्त्यांशिवायचा प्रकार; त्याच्या साध्या प्रकरणात सुमारे ४ महिन्यांत डिस्चार्ज, म्हणजे देणी माफ झाल्याचा कोर्टाचा आदेश मिळतो.

‘नोकरी जाते.’ केवळ बँकरप्सीच्या कारणावरून कामावरून काढणं बेकायदा आहे. नवी नोकरी देताना मात्र खासगी कंपनी ही नोंद पाहू शकते.

‘दहा वर्षं कर्ज नाही.’ चॅप्टर ७ ची नोंद क्रेडिट रिपोर्टवर १० वर्षांपर्यंत राहते, हे खरं. पण नोंद असणं म्हणजे दार बंद असणं नव्हे. एफएचए गृहकर्जासाठी (सरकारी विमा असलेलं गृहकर्ज) डिस्चार्जनंतर साधारण २ वर्षांनी अर्ज करता येतो.

‘सगळंच माफ होतं’ असं सांगणारेही भेटतात. मुलांच्या पालनपोषणाची रक्कम, पोटगी, अलीकडचे कर, फसवणुकीतून आलेली देणी माफ होत नाहीत. शैक्षणिक कर्ज माफ व्हायला कोर्टात वेगळी आणि अवघड लढाई द्यावी लागते. आणि कर्जाला मेहुण्याने सही दिली असेल, तर तुम्ही सुटलात तरी तो सुटत नाही.

आपल्या लोकांना सगळ्यात जास्त अडचणीत आणणारी गोष्ट त्या सल्ल्यात नसतेच: भारतातली मालमत्ता. मालमत्ता जगात कुठेही असली तरी अर्जात दाखवावी लागते. गावच्या जमिनीतला हिस्सा, फ्लॅट, बँकेतल्या ठेवी, सगळं. लपवलं तर डिस्चार्ज नाकारला जाऊ शकतो आणि फौजदारी गुन्हाही होऊ शकतो. घाबरून फ्लॅट बहिणीच्या नावावर केला किंवा वर्षभरात भावाची उसनवारी आधी फेडली, तर ट्रस्टी, म्हणजे तुमचं बँकरप्सी प्रकरण सांभाळायला नेमलेला माणूस, तो व्यवहार उलटवू शकतो. अर्जानंतर १८० दिवसांत वारसाहक्क आला, तर तोही ट्रस्टीला कळवावा लागतो. म्हणून कोणाच्या नावावर काही करण्याआधी, कोणाचे पैसे परत करण्याआधी, बँकरप्सीच्या वकिलासमोर सगळे कागद ठेवा, भारतातलेसुद्धा.