दहावी आली म्हणून मैदान का सोडायचं?

माझी भाची यंदा दहावीत आहे आणि ती 3000 मीटर पळते. शाळा सुरू झाल्यापासून घरी येणारा प्रत्येक पाहुणा एकच सांगून जातो, "बोर्डाचं वर्ष आहे, यंदा पळणं बंद करा." मला हे अजिबात पटत नाही. का पटत नाही, ते जरा सविस्तर लिहिते.

लांब पल्ल्याचा दम महिन्या-दोन महिन्यांत येत नाही. हृदय, फुफ्फुसं, पायांची हाडं, सगळं वर्षानुवर्षं हळूहळू तयार होतं. वर्षभर घरी बसवलेली मुलगी परीक्षेनंतर मैदानावर येते तेव्हा सोबतच्या मुली पुढे निघून गेलेल्या असतात, आणि ते बघून ती पुन्हा येतच नाही. आपल्या नागपुरात मानकापूरच्या विभागीय क्रीडा संकुलात सकाळी जाऊन बघा. आठवी-नववीच्या मुली भरपूर दिसतील. अकरावी-बारावीच्या किती दिसतात?

भाचीने आपलं ध्येय स्वतःच्या वहीत लिहून ठेवलंय: 3000 मीटर अकरा मिनिटांच्या आत. म्हणजे ट्रॅकचे साडेसात लॅप, प्रत्येक 88 सेकंदांत. सध्या तिचा लॅप 92 च्या आसपास येतो. त्या पानावर पदकाचा, नंबरचा उल्लेख नाही, आणि मला तेच फार आवडलं. सोबतची मुलगी किती जोरात येईल ते हिच्या हातात नसतं, स्वतःचा लॅप असतो.

पुढचं स्वप्न स्टीपलचेसचं, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत पळायची 3000 मीटरची शर्यत. साताऱ्याच्या ललिता बाबरने 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये या शर्यतीची अंतिम फेरी गाठली होती. आणि बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे तर बारावीनंतर सैन्यात गेला, महार रेजिमेंटमध्ये, सियाचीनला राहून आला आणि त्यानंतर स्पर्धेत पळायला लागला. 2022 ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने 8 मिनिटं 11.20 सेकंदांत रौप्यपदक घेतलं. सोळाव्या वर्षी सगळं जिंकलंच पाहिजे, असं काही नसतं. फक्त पळणं सुटायला नको.

आता घराबद्दल. पाठिंबा म्हटलं की लोकांना शर्यतीच्या दिवशी टाळ्या वाजवणारे आईबाप आठवतात. माझ्या बहिणीकडे तो रोजच्या स्वयंपाकात आणि घड्याळात दिसतो. बहीण पहाटे चारला उठते, कारण उन्हाळ्यात आपल्या नागपुरात सातनंतर पळणं म्हणजे जिवाशी खेळ आहे, मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो. भाऊजी बुटीबोरीहून रात्रपाळी करून येतात आणि झोपायच्या आधी तिला मैदानावर सोडतात. रात्री नऊला टीव्ही बंद, आणि तो सगळ्यांसाठी बंद. लग्नसराईत हळदीच्या रात्री तिला लवकर घरी आणतात. नातेवाईक रुसतात, त्यांना रुसू देतात.

गेल्या हिवाळ्यात तिचं टायमिंग घसरत गेलं. कोणी म्हणालं अभ्यासाचं टेन्शन, कोणी म्हणालं आता मुलगी मोठी झाली, संपलं. बहिणीने शांतपणे रक्त तपासून घेतलं. हिमोग्लोबिन कमी निघालं. पाळी सुरू झालेल्या आणि लांब पळणाऱ्या मुलींमध्ये शरीरातलं लोह कमी होणं नेहमीचंच आहे. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. जेवणासोबतचा चहा बंद झाला, सकाळी भिजवलेले हरभरे लिंबू पिळून सुरू झाले. भाऊजी आता पाळीबद्दलही तिच्याशी सरळ बोलतात, आणि माझ्या मते घरात झालेला सगळ्यात मोठा बदल हाच आहे. शिवाय या वयात शरीर बदलतं, टायमिंग वर्षभर एका जागी थांबू शकतं. त्या काळात घरच्यांनी धीर धरला तर मुलगी टिकते. हे प्रत्येक पालकाला माहीत असायला हवं.

घरात आणखी एक आधार आहे, आजी. आजीचे वडील 14 ऑक्टोबर 1956 ला दीक्षाभूमीवर होते. बूट घालायच्या आधी भाची आजीजवळ बसून त्रिशरण-पंचशील म्हणते. शर्यत जिंकू दे, असं ती कुणाकडे मागत नाही. मन जागेवर येतं, म्हणते.

या श्रद्धेची खरी परीक्षा मागच्या वर्षी झाली. मैदानावरच्या एका माणसाने भाऊजींना सुचवलं, जन्मदाखल्यावर वय कमी करून घ्या, खालच्या गटात पोरगी आरामात पहिली येईल. आपल्याकडे हे किती चालतं ते खेळातल्या सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून तर मोठ्या स्पर्धांत खरं वय कळायला हाडांची तपासणी करावी लागते. भाऊजी क्षणभर विचारात पडले. आजी म्हणाली, "रोज सकाळी म्हणतो ना आपण, न दिलेलं घेणार नाही म्हणून? ते मेडल दुसऱ्या पोट्टीचं आहे. काहून घ्यायचं आपण?" विषय तिथेच संपला. मला विचाराल तर धर्म घरात असा दिसला पाहिजे.

राहिला प्रश्न मार्कांचा. पहाटेचा दीड-दोन तासांचा सराव बोर्डाला आड येत नाही. पळून आलेली मुलगी सकाळी किती एकाग्र होऊन गणितं सोडवते, ते मी स्वतः बघितलंय. क्रीडा स्पर्धांतल्या कामगिरीचे सवलतीचे गुणही मिळतात, पण कृपा करून त्यासाठी कुणाला पळवू नका. चार टक्के कमी आले तरी बहीण-भाऊजींची तयारी आहे, आणि ते त्यांनी तिला वर्षाच्या सुरुवातीलाच सांगून टाकलंय.

सध्या अडचण एकच आहे. तिच्या वयाच्या बहुतेक जणी यंदा थांबल्यात आणि लांब पल्ल्याचा सराव तिला एकटीला करावा लागतोय. एकटीने 88 चा लॅप धरणं फार कठीण असतं. इंदोरा, जरीपटका, मानकापूर, कोराडी रोड या भागात कुणाची मुलगी 1500 किंवा 3000 पळत असेल आणि दहावीमुळे घरी बसली असेल, तर तिला पुन्हा पाठवा. खाली कमेंटमध्ये लिहा, मी तिची बहिणीशी गाठ घालून देते. आणायची-सोडायची जबाबदारी आपण पालक आळीपाळीने वाटून घेऊ.