तोट्यातली खाण आणि तिच्यावरची जमीन

आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात एखादी भूमिगत कोळसा खाण बंद होते तेव्हा तिची बातमी दोन ओळींची असते. खाण तोट्यात होती, उत्पादन थांबवण्यात आले, कामगारांना दुसऱ्या खाणींत सामावून घेतले जाईल. बल्लारपूर, राजूर, कामठी आणि सीमेपलीकडच्या, मध्य प्रदेशातल्या पेंच-कन्हान पट्ट्यात गेली कित्येक वर्षे अशाच बातम्या येत आहेत आणि लोकांनाही त्यांची सवय झाली आहे. या खाणी बंद करणे नेहमीच चूक असते असे माझे म्हणणे नाही. ज्या हिशेबाने त्या तोट्यात ठरतात तो हिशेब अर्धाच मांडला जातो, हे मात्र मला ठामपणे म्हणायचे आहे.

वर्धा खोऱ्यातला कोळसा इंग्रजांच्या काळापासून जमिनीखालूनच निघत आला. वरोऱ्याची सरकारी खाण १९०६ मध्ये बंद झाली आणि तोवर बल्लारपूरची खाण सुरू झालेली होती. १९७३ मध्ये राष्ट्रीयीकरण झाले त्या सुमारास देशातला जवळपास तीन चतुर्थांश कोळसा भूमिगत खाणींतून येत असे. २०२३-२४ मध्ये कोल इंडियाने सुमारे ७७ कोटी टन कोळसा काढला, त्यात भूमिगत खाणींचा वाटा अवघा २.६ कोटी टनांच्या आसपास होता, म्हणजे शंभर टनांत साडेतीन टनसुद्धा नाही. पन्नास वर्षांत एका उद्योगाची रीतच पालटली, आणि ज्या भागात ती पालटली तिथल्या लोकांशी याविषयी कोणी फारसे बोलले नाही.

तोट्याची कारणे खोटी नाहीत. आपल्याकडच्या भूमिगत खाणींत प्रामुख्याने ‘बोर्ड अँड पिलर’ पद्धत चालते. कोळशाच्या थरात आडव्या-उभ्या गॅलऱ्या, म्हणजे बोगदे, काढायच्या आणि मधले चौकोनी खांब छत तोलण्यासाठी सोडायचे. गॅलरी ४.८ मीटरपेक्षा रुंद आणि ३ मीटरपेक्षा उंच नको, असा जुना नियम आहे. पहिल्या टप्प्यात बहुतेक कोळसा त्या खांबांतच अडकून राहतो, आणि तो काढायचा तर डिपिलरिंगचे, म्हणजे ते खांबच काढून घेण्याचे, जोखमीचे काम करावे लागते. शिवाय पाणी उपसणारे पंप आणि हवा खेळवणारा मोठा पंखा यांना सुट्टी नसते. दिवसाला शंभर टन कोळसा निघो की हजार टन, त्यांचा खर्च तेवढाच. लहान खाणीचे कंबरडे मोडते ते इथे. ऐंशीच्या दशकात चंद्रपूरचे महाऔष्णिक वीज केंद्र उभे राहिले, कोळशाची भूक वाढली, आणि वरची जमीन उकरून शॉव्हेल-डंपरने कोळसा काढणाऱ्या खुल्या खाणीपुढे लहान इन्क्लाइन, म्हणजे उतरत्या बोगद्याची भूमिगत खाण, टिकणे शक्य नव्हते. त्यातच वर्धा खोऱ्यातला मुख्य थर काही ठिकाणी पंधरा मीटरहून जाड आहे. त्यातला तीन मीटरचा पट्टा काढून उरलेला तसाच सोडणे हीसुद्धा उधळपट्टीच आहे.

धोक्याचेही तसेच. छिंदवाडा जिल्ह्यातल्या न्यूटन चिखली खाणीत डिसेंबर १९५४ मध्ये पाणी शिरून ६३ कामगार बुडाले. ज्यांच्या घरातला माणूस पाळीवर खाली उतरतो, त्यांच्यापुढे भूमिगत खाणीचे गोडवे गाण्याचा अधिकार मला नाही.

तरीही हिशेबाच्या दुसऱ्या बाजूकडे पाहिलेच पाहिजे. भूमिगत खाण चालू असते तेव्हा तिच्यावर कापूस उभा असतो, वस्ती असते, नाले आपल्या वाटेने वाहत असतात. खुली खाण हे सगळे उचलून बाजूला टाकते. कोळशापर्यंत पोहोचण्यासाठी काढलेल्या माती-दगडाचे, म्हणजे ओबीचे, ढिगारे आज चंद्रपूर, वणी आणि घुग्घुसच्या भोवती टेकड्यांसारखे उभे आहेत, आणि ज्या काळ्या मातीला तयार व्हायला हजारो वर्षे लागली ती त्यांच्या तळाशी गाडली गेली आहे. कंपनीच्या ताळेबंदात या जमिनीची किंमत एकदाच लागते, मोबदल्याच्या रूपाने. तिच्यावर पुढची शंभर वर्षे जे पीक आले असते ते कोणत्याच रकान्यात नसते. भूमिगत खाणीचा प्रतिटन खर्च मात्र शेवटच्या रुपयापर्यंत मोजला जातो. हे दोन आकडे शेजारी ठेवून एकाला स्वस्त आणि दुसऱ्याला महाग म्हणणे मला मान्य नाही.

यावर उत्तर मिळते की भूमिगत खाणीनेही जमीन खचते. खचते, हे खरे आहे. पण खांब काढल्यावर मागे राहिलेल्या पोकळीत, ज्याला खाणीत गोफ म्हणतात, पाण्याबरोबर वाळू भरण्याची पद्धत जुनी आणि पारखलेली आहे. वाळू मिळत नाही आणि मिळाली तर परवडत नाही, म्हणून ती मागे पडली. इथल्या खाणी चालवणाऱ्या वेस्टर्न कोलफिल्ड्स या कोल इंडियाच्या कंपनीने नागपूरजवळ भानेगावला ओबीतून वाळू वेगळी काढण्याचा प्रकल्प उभारला आणि ती वाळू घरबांधणीला दिली. हा उपक्रम चांगलाच आहे. माझा प्रश्न एवढाच की खुल्या खाणीच्या ढिगाऱ्यातून वाळू निघू शकते, तर ती शेजारच्या भूमिगत खाणीच्या पोटात का जाऊ नये? वाहतुकीचा खर्च येईल, पण तो वर वाचलेल्या जमिनीसमोर ठेवून एकदा तरी मोजायला हवा.

दुसरी गोष्ट माणसांची. माझे काका ओव्हरमन, म्हणजे खाणीत पाळीच्या कामावर देखरेख ठेवणारे, होते. छत तपासायचे कसे, हे त्यांनी मला एकदा घराच्या भिंतीवर करून दाखवले होते: एका हाताने सब्बलीने हलका ठोका द्यायचा, दुसऱ्या हाताची बोटे शेजारी टेकवायची आणि आवाजाबरोबर बोटांना कंप जाणवतो का ते पाहायचे. खणखणीत आवाज आला तर छत धरून आहे. बद्द आवाज आला तर वरचा थर सुटला आहे, तिथून माणसे मागे घ्यायची. हे ज्ञान पाळीमागून पाळी एका सरदाराकडून, म्हणजे खाणीतल्या मुकादमाकडून, दुसऱ्याकडे गेले. खुल्या खाणीत बदली झालेल्या सरदाराला त्याचा उपयोग नाही आणि शिकायला नवे कोणी नाही. आता सरकारने २०३० पर्यंत भूमिगत खाणींतून दहा कोटी टन कोळसा काढण्याचे लक्ष्य ठेवले आहे. ते गाठायचे तर कंटिन्युअस मायनर हे कोळसा कापणारे यंत्र चालवणारे हात मिळतीलही, पण छताची भाषा जाणणारे कान कुठून आणणार?

त्याच धोरणात बंद केलेल्या काही भूमिगत खाणी महसुलाच्या वाटणीवर खासगी कंपन्यांना देण्याचेही आले आहे. म्हणजे जी खाण कायम कामगार ठेवून परवडत नव्हती ती दुसऱ्याने चालवली तर परवडेल, असे गृहीत आहे. हा फरक यंत्रांमुळे पडणार असेल तर ती यंत्रे आधीच का आणली नाहीत, आणि मजुरीमुळे पडणार असेल तर तसे उघडपणे सांगावे. कंत्राटी कामगार दोनशे मीटर खाली उतरणार असेल तर त्याचे प्रशिक्षण आणि विमा कोण पाहणार, हे करारात पहिल्या पानावर असले पाहिजे.

आणि खाण बंद झाल्यावरही ती संपत नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये घुग्घुसच्या अमराई वॉर्डात एक अख्खे घर जमिनीत गडप झाले. खाली कधीकाळी भूमिगत खाण होती. घरातली माणसे वेळीच बाहेर पडली म्हणून वाचली, आणि आजूबाजूच्या अनेक कुटुंबांना आपली घरे सोडावी लागली. खाण बंद करण्याचा आराखडा आणि त्यासाठी वेगळा निधी ठेवण्याची सक्ती २००९ मध्ये आली. त्याआधी सोडून दिलेल्या पोकळ्यांवर आज वॉर्ड, शाळा आणि रस्ते आहेत. सोडून दिलेल्या खाणीचा नकाशा खाण सुरक्षा महासंचालनालयाकडे जमा करण्याचा नियम आहे. ते नकाशे महानगरपालिका आणि नगरपरिषदांच्या बांधकाम परवान्याच्या टेबलावर पोहोचले पाहिजेत, वॉर्डनिहाय, मराठीत आणि कोणालाही पाहता येतील असे. ज्या खाणी आता बंद होत आहेत त्यांच्या बाबतीत तर सर्व्हेअर आणि ओव्हरमन यांची बदली करण्याआधी त्यांच्याकडून हे काम पूर्ण करून घ्यावे, कारण कोणती गॅलरी कुठे अर्धवट सुटली आणि कोणत्या भागात पाणी साचले आहे, हे कागदापेक्षा त्यांनाच नीट माहीत असते.