'स्लेव्ह प्ले' आणि गोऱ्यांवरची न झालेली बंदी

जेरेमी ओ. हॅरिस या कृष्णवर्णीय अमेरिकी नाटककाराच्या 'स्लेव्ह प्ले' या नाटकाविषयी एक मजकूर २०२४ पासून हातोहात पुढे पाठवला जातो आहे. त्यातले म्हणणे थोडक्यात असे: लंडनच्या नाट्यगृहाने गोऱ्यांना प्रवेशबंदी केली, नाटक गुलामगिरीची अश्लील टवाळी करते, म्हणून खुद्द काळ्यांनीच ते बंद पाडले, काळ्या-गोऱ्या जोडप्यांचे संसार टिकूच नयेत असा त्याचा प्रचार आहे, तरीही अमेरिकी रंगभूमीवरचे मानाचे बारा टोनी पुरस्कार देऊन ते डोक्यावर घेतले गेले, आणि मुळात अमेरिकेतले भांडण ब्रिटनमध्ये आणण्याचे काही कारणच नव्हते. हा मजकूर मला ज्यांनी पाठवला त्यांच्यापैकी एकानेही नाटक पाहिलेले वा वाचलेले नव्हते. तो काही गुन्हा नव्हे, पण त्यातली जवळजवळ प्रत्येक चूक तिथूनच निघते.

पुरस्कारांचा मुद्दा आधी निकालात काढतो, कारण तो निव्वळ आकड्याचा आहे. या नाटकाला टोनीची १२ नामांकने मिळाली आणि संगीत नाटके वगळता तोवर कोणत्याही नाटकाला इतकी मिळाली नव्हती. पण लांबलेला तो समारंभ सप्टेंबर २०२१ मध्ये पार पडला तेव्हा पदरात पुरस्कार एकही पडला नाही.

आता बंदी. वेस्ट एन्ड या लंडनच्या नाट्यगृहांच्या भागातल्या नोएल कॉवर्ड थिएटरमध्ये हे नाटक २९ जून ते २१ सप्टेंबर २०२४ असे बारा आठवडे चालले. त्यातले १७ जुलै आणि १७ सप्टेंबरचे दोन प्रयोग 'ब्लॅक आउट' म्हणून जाहीर झाले होते, म्हणजे त्या रात्री प्रेक्षागृह शक्यतो कृष्णवर्णीय प्रेक्षकांनी भरावे यासाठी त्यांना आवर्जून बोलावणे होते. कोणालाही दारात अडवले जाणार नाही, हे निर्मात्यांनी तेव्हाच सांगितले होते. आणि त्यांच्या मनात असते तरी त्यांना तसे करता आले नसते, कारण ब्रिटनचा २०१० चा समानता कायदा वंशावरून सेवा नाकारू देत नाही. मग बंदीची बातमी आली कोठून? तत्कालीन पंतप्रधान ऋषी सुनक यांच्या प्रवक्त्याने, वंशाच्या आधारावर प्रेक्षकांवर निर्बंध घालणे चुकीचे आणि फूट पाडणारे ठरेल, अशा अर्थाचे विधान केले होते. त्यातले 'ठरेल' पुढे पाठवता पाठवता गळले आणि त्याच्या जागी 'घातले' आले.

या प्रयोगांना 'उलटा वर्णभेद' म्हणणाऱ्यांनी सुलटा वर्णभेद नाट्यगृहात कसा चालत असे तेही एकदा पाहावे. वॉशिंग्टनच्या नॅशनल थिएटरमध्ये काळ्या प्रेक्षकांना तिकीट मिळत नसे. नटांच्या संघटनेने अशा ठिकाणी काम करायला नकार दिला, तेव्हा मालकांनी १९४८ मध्ये नाटके बंद करून तेथे सिनेमा लावला, पण दार उघडले नाही. नाटक परत आले ते १९५२ मध्ये, सर्वांना प्रवेश देऊनच. त्यापुढे ब्रॉडवेच्या, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीच्या, गोल्डन थिएटरमध्ये १८ सप्टेंबर २०१९ रोजी झालेला पहिला 'ब्लॅक आउट' ठेवून पाहावा. ८०४ खुर्च्या, एक रात्र, आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा नेहमीचीच तिकीटखिडकी. एवढे मात्र मान्य करतो की 'ब्लॅक आउट' हे नाव मुद्दाम डिवचण्यासाठी निवडलेले आहे आणि त्यावरून उठलेल्या गदारोळाचा प्रसिद्धीला फायदाच झाला. डिवचणे आणि दार बंद करणे या तरीही दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

टवाळीचा आरोप अधिक गंभीर आहे आणि तो करणारे सगळेच अडाणी नाहीत. २०१८ च्या अखेरीस न्यूयॉर्क थिएटर वर्कशॉपमध्ये नाटक आले तेव्हा ते थांबवावे अशी याचिका निघाली आणि तिच्यामागे दुखावलेले कृष्णवर्णीय प्रेक्षक होते. मात्र नाटक बंद पडले नाही. ते सप्टेंबर २०१९ ते जानेवारी २०२० ब्रॉडवेवर चालले आणि २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये तेथेच परत आले. मराठी प्रेक्षकाला हा वाद ओळखीचा वाटावा: तेंडुलकरांच्या 'कन्यादान'मधला दलित नवरा बायकोला मारतो म्हणून नाटक दलितविरोधी, हे म्हणणे आपल्याकडे १९८३ पासून आहे आणि त्यालाही एका वाक्यात झटकून टाकता येत नाही.

पण या नाटकात नेमके घडते काय? पडदा उघडतो तो व्हर्जिनियातल्या एका मळ्यावर. गुलाम स्त्रीच्या वेशातली कनीशा झाडू मारते आहे, जिम नावाचा गोरा मुकादम हातात चाबूक घेऊन येतो, आणि एवढ्यात रिहानाचे गाणे वाजू लागते व ती त्यावर कंबर हलवून नाचते. एकोणिसाव्या शतकात रिहाना कशी, हा प्रश्न प्रेक्षकाला पडावा म्हणूनच ते गाणे तेथे आहे. मळ्यावर आणखी दोन जोड्या आहेत, आणि प्रत्येकीत हुकूम, अपमान व वासना यांची अशी गुंतागुंत आहे की प्रेक्षागृहात हसू फुटते आणि मध्येच अडकते. मग कनीशा जिमला, काळ्या स्त्रीसाठीचा एक जुना हिणकस शब्द वापरून आपल्याला हाक मार, असे विनवते. जिमच्याने ते होत नाही. तो 'स्टारबक्स' असे म्हणतो आणि सारे थांबते. तो खेळ थांबवण्याचा आधी ठरलेला परवलीचा शब्द असतो. ही तिन्ही आजची जोडपी आहेत, आणि गोऱ्या जोडीदाराजवळ आता कसलेच सुख वाटेनासे झालेल्या काळ्या जोडीदारांसाठीच्या एका प्रायोगिक उपचारवर्गाला ती आलेली आहेत. म्हणजे पहिला अंक हे गुलामगिरीचे चित्रण नव्हे. आजची माणसे तिचा वेश घालून काय करू पाहतात, याचे ते चित्रण आहे. फिरत्या मजकुरातले वर्णन या अंकापाशीच संपते, जणू पुढचे दोन अंक लिहिलेच गेले नाहीत.

क्लिंट रामोस यांच्या नेपथ्यात रंगमंचाच्या मागे आरसे होते. वर मळ्याच्या वाड्याचे प्रतिबिंब आणि खाली, आपण नुकतेच कशाला हसलो ते आठवत बसलेल्या प्रेक्षकांच्या रांगाच्या रांगा. टवाळी आहे, हे खरेच. पण दुसऱ्या अंकात ती सर्वांत जास्त वाट्याला येते ती उपचार करणाऱ्या दोन संशोधक बायकांच्या. त्या विद्यापीठीय शब्दांचा असा मारा करतात की समोर रडणाऱ्या माणसाकडे पाहायला त्यांना सवडच उरत नाही. हा अंक माझ्या मते लांबला आहे, आणि त्या शब्दांची गंमत नाटककारालाच जरा जास्त आवडलेली दिसते.

संसार टिकू नयेत असा प्रचार आहे, या आरोपाला आधार म्हणून कनीशाचे एक बोलणे उद्धृत केले जाते, ज्यात ती नवऱ्याला, म्हणजे जिमला, विषाणू म्हणते. तोडून काढलेल्या या शब्दात द्वेष दिसणारच. नाटकात तिचा रोख असा आहे की युरोपातून आलेल्या माणसांनी मूळ रहिवाशांना जे रोग दिले, ते देणाऱ्याला स्वतःला आजारी वाटत नव्हते. जिमही प्रेमळ आहे, आणि आपण काय अंगावर वागवतो आहोत याचा त्याला पत्ता नाही. दुसऱ्या एका जोडीतला डस्टिन स्वतःला गोरा म्हणवून घ्यायलाच तयार नाही, आणि तिसरीतली अलाना तर आमच्या नात्यात वंशाचा संबंधच नाही असे ठासून सांगते. त्यांच्या जोडीदारांची तक्रार प्रेम नसल्याची नाहीच. या घरात एकानेच इतिहास वाहायचा आणि दुसऱ्याने तो नाही असे धरून चालायचे, ही ती तक्रार आहे. संसार मोडायचा असता तर ही सहा माणसे चाबूक आणि घेरदार झगे भाड्याने आणल्यासारखी मळ्यावर कशाला आली असती? तिसऱ्या अंकात खोलीत फक्त जिम आणि कनीशा उरतात, ती सामान भरते आहे, आणि शेवटी जे घडते ते पाहवत नाही; टीकाकारांत त्यावरून आजही दोन तट आहेत. पण नाटकाच्या अखेरीस ती त्याचे आभार मानते, आणि ते त्याने ऐकून घेतले म्हणून.

व्हर्जिनियाची निवडही सहज झालेली नसावी. याच राज्यात मिल्ड्रेड आणि रिचर्ड लव्हिंग या काळ्या-गोऱ्या दांपत्याला १९५८ मध्ये रात्री झोपेतून उठवून अटक केली गेली, आणि २५ वर्षे राज्याबाहेर राहण्याच्या अटीवरच त्यांची एक वर्षाची शिक्षा स्थगित झाली. सर्वोच्च न्यायालयाने असे विवाह गुन्हा ठरवणारे कायदे रद्द केले ते १९६७ मध्ये. असे संसार मोडण्याचे काम शतकानुशतके कोणी केले, याची नोंद न्यायालयाच्या दप्तरात आहे.

राहिला ब्रिटनचा प्रश्न. मजकूर लिहिणाऱ्याला ठाऊक नसावे, पण नाटकातला जिम अमेरिकी नाहीच, तो ब्रिटिश आहे, आणि हा मळा, हा चाबूक, हे सगळे आपल्या घरचे नव्हे ही त्याची समजूत हाच कनीशाशी असलेल्या त्याच्या भांडणाचा गाभा आहे. व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने १६६२ मध्ये एक कायदा केला: मूल गुलाम की स्वतंत्र हे आईच्या स्थितीवरून ठरेल. त्यामुळे मालकाला गुलाम स्त्रीपासून झालेले मूलही त्याची मालमत्ता होऊ लागले. व्हर्जिनिया तेव्हा इंग्लंडच्या राजाची वसाहत होती, आणि काळ्या स्त्रीला कोणापासून झालेल्या मुलांविषयी शंका उपस्थित झाली आहे हे सांगताना त्या कायद्याने आपल्या पहिल्याच वाक्यात वापरलेला शब्द 'इंग्लिशमन' असा आहे.